माझ्या काट्यांवर चढलेला माणूस

मित्रांनो, मी फोर्कलिफ्ट आहे, आणि आता जुनी झाले आहे हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. माझा पिवळा रंग कोपऱ्यांवरून उडाला आहे, सीटचे रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर डोकावतो आणि वळताना माझे मागचे चाक कुरकुरते. तरीही चार्जिंगला लावले की पुढच्या पाळीला मी कामाला हजर असते. कामाचा मला कधीच कंटाळा नव्हता. कंटाळा आला तो माणसांच्या 'दोन मिनिटांच्या कामाचा'. आज त्याचीच गोष्ट सांगते. मधे कुठे हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पुढे दोन लांब, चपटे लोखंडी हात बसवले. त्यांना सगळे काटे म्हणतात. हे काटे ज्याच्यावरून वरखाली होतात तो उंच खांब त्यांच्या मागे उभा केला आणि पाठीशी भलीमोठी बॅटरी ठेवली. तपासणीच्या दिवशी माझ्या काट्यांवर सिमेंटचे ठोकळे चढवले, मी ते सहज उचलले, आणि सगळे साहेब खूश झाले. शेवटी माझ्या खांबावर एक चित्र चिकटवले. त्यात काट्यांवर एक माणूस उभा होता आणि त्याच्यावर लाल फुली मारली होती. मला तेव्हा त्या चित्राचे हसू आले. मी ओझी उचलणारी बाई, माझ्या काट्यांवर चढण्याचा वेडेपणा कोण करील, असे मला वाटले. तेव्हा मी नवी होते आणि माणसांना ओळखत नव्हते.

ट्रेलरवर बसून घाट उतरून मी नवी मुंबईत आले. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी टपाल कंपनीचे मोठे वर्गीकरण केंद्र होते. कंपनीचे नाव सांगत नाही, नाव सांगून कोणाची अब्रू घेणे मला आवडत नाही. तिथे एका बाजूला डॉक होता, म्हणजे ट्रक येऊन पाठ टेकवतात तो ओटा. दुसऱ्या बाजूला लांबच लांब टेबले आणि त्यांच्याभोवती पत्रे, पाकिटे, पार्सले निवडणारी माणसे. ट्रकमधून थैल्या उतरवायच्या, टेबलांपर्यंत न्यायच्या, निवडलेल्या पुन्हा दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायच्या, हे माझे काम. टपालाची थैली दिसते लहान, पण कागदासारखे जड काही नाही. आणि पार्सल दिसते हत्तीएवढे, उचलावे तर आत नुसती उशी! वजनावरून आत काय असेल ते मी मनातल्या मनात ओळखायची. औषधे, परीक्षेची पुस्तके, परदेशी गेलेल्या मुलांना पाठवलेले लाडू, सगळे माझ्या काट्यांवरून गेले आहे.

माझे पहिले चालक पंढरीकाका. करावे गावचे. त्यांचे वडील खाडीत मासे धरायचे आणि पंढरीकाका माझ्यावर बसून थैल्या धरायचे. पहिल्याच दिवशी माझ्या बॅटरीच्या झाकणावर थाप मारून ते म्हणाले, "चल गो बाय." तेव्हापासून सगळे मला बाय म्हणू लागले. पंढरीकाका माणूस सोन्यासारखा, पण चालक म्हणाल तर उतावळा. कोपऱ्यावर हॉर्न वाजवायचा त्यांना आळस. माल चढवलेला असताना पुढचे दिसत नसेल तर गाडी उलटी चालवावी, एवढे साधे शहाणपण. पण ते मान वाकडी करून, थैल्यांच्या फटीतून बघत मला पुढे दामटायचे. एकदा आम्ही दोघांनी मिळून पाणी प्यायची टाकी पाडली. सगळे हसले. पंढरीकाकाही हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण टाकीच्या जागी नुकतेच कोणीतरी पाणी पिऊन गेले होते.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली तरी एका डोळ्याला धूसरच दिसे. कंपनीने त्यांना घरी बसवले असते, पण आमचे सुपरवायझर नंदकुमार साहेब त्यांच्यासाठी भांडले आणि त्यांना डॉकच्या दारावर ट्रकना खूण करायचे काम दिले. नंदकुमार साहेब असेच होते. कोणाच्या घरी लग्न असो, कोणी आजारी असो, साहेब रजा देणार, वर स्वतः जाऊन भेटून येणार. त्यांच्या शब्दाला कोणी नाही म्हणत नसे. पंढरीकाका तर म्हणायचे, "सायबांमुलं माज्या घरची चूल पेटते." हे लक्षात ठेवा, कारण सगळे घोडे पुढे इथेच अडले.

पंढरीकाकांच्या जागी स्नेहल आली. पनवेलला फोर्कलिफ्ट चालवण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली. तिला वडील नव्हते. आई एका शाळेत सेविका होती आणि दोघी कोपरखैरण्याला भाड्याच्या खोलीत राहत. स्नेहलची नोकरी अजून कच्ची होती. वर्ष बिनबोभाट गेले तर तिला कायम करणार होते, आणि त्या कायम होण्यावर दोघी मायलेकींचे डोळे लागले होते. तिला सीटवर बघून पहिल्या दिवशी मालचढव्यांनी बरीच थट्टा केली. ती मात्र माझ्याभोवती फिरून चाके बघ, ब्रेक दाबून बघ, हॉर्न वाजवून बघ, काटे कुठे तडकले आहेत का बघ, असे करत राहिली. रोज. हरेश नावाचा एक मालचढवा होता, तो रोज म्हणायचा, "आली बघा बायची आरती करायला!" खरे सांगू? सुरुवातीला मलाही राग येई. कालच तर तपासलेस ना, आज पुन्हा कशाला, असे वाटे.

पण हळूहळू मला तिची सवय झाली, आणि मग तिचाच लळा लागला. ती चालायच्या वेगानेच मला चालवी. टेबलांपाशी पिवळी रेघ होती, तिच्या आत माणसांनी चालायचे आणि बाहेर मी. कोणी रेघेवर थैल्या रचल्या तर ती उतरून आधी त्या हलवायला लावी. ट्रकच्या चाकामागे लाकडी पाचर लावली आहे हे पाहिल्याशिवाय ती मला ट्रकमध्ये घालत नसे. काम थांबले की माझे काटे जमिनीला टेकवायचे, ब्रेक लावायचा, किल्ली काढायची आणि मगच पाणी प्यायला जायचे. तिची मैत्रीण संघप्रिया निवड-टेबलावर होती. ती म्हणायची, "तू आल्यापासून मी मागं वळून न बघता काम करते." एवढे मोठे प्रशस्तिपत्रक मला माझ्या आयुष्यात मिळाले नव्हते. मिळाले तिला होते, पण मी त्यात अर्धा वाटा धरला.

आता खंडेनवमीकडे येते.

वर्षभर शिव्या खाणाऱ्या यंत्रांचे वर्षातून एक दिवस कौतुक होते, ते खंडेनवमीला. मला धुऊन पुसून हळदकुंकू लावायचे, झेंडूचे हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. त्या दिवशी मला नवरीसारखे वाटे आणि नवरीसारखेच ताटकळत उभे राहावे लागे. आमच्या केंद्रात आणखी एक रीत होती. डॉकच्या वरच्या तुळईला आंब्याच्या पानांचे भले मोठे तोरण बांधायचे, आणि ते बांधायचा मान पंढरीकाकांचा. शिडी तिथवर पोचत नसे. म्हणून माझ्या काट्यांवर लाकडी पाट, ज्याला इथे पॅलेट म्हणतात, तो ठेवायचा, पंढरीकाकांनी त्यावर उभे राहायचे आणि मी त्यांना वर न्यायचे. दरवर्षी असेच चालत आले होते. दरवर्षी काही झाले नाही, म्हणून यंदाही काही होणार नाही, असे सगळे धरून चालले होते.

माणूस वर न्यायचा झाला तर त्यासाठी वेगळा पिंजरा असतो. चारी बाजूंनी कठडा, दाराला कडी, माझ्या खांबाला साखळीने पक्का बांधलेला. तो आमच्याकडे होता. चार्जिंगच्या जागेमागे पडला होता आणि त्या दिवशी त्यात झेंडूचे क्रेट आणि प्रसादाचे खोके रचले होते.

गुरुजींना पुढे तुर्भ्याला दुसऱ्या पूजेला जायचे होते. कंपनीचे मोठे साहेबही येणार होते. मंडपवाल्याने लावलेल्या स्पीकरवर आरत्या मोठमोठ्याने चालू होत्या. नंदकुमार साहेब नवा झब्बा घालून इकडून तिकडे धावत होते आणि बाकीचे सगळे पलीकडे मंडपात पूजेच्या आणि स्वागताच्या मांडामांडीत गुंतले होते.

"स्नेहल, बायला पुढं काढ. पंढरीशेठना वर घे. गुरुजी खोळंबलेत."

"सर, पिंजरा लावते ना. क्रेट तेवढे काढायला सांगा कोणाला तरी."

"अगं, पिंजरा कुठं आता? दरवर्षी असंच करतो आपण. दोन मिनिटांचं काम आहे."

स्नेहल सीटवरून हलली नाही. तिने पंढरीकाकांकडे पाहिले. "काका, प्लीज. पाटाला धरायला काहीच नाहीये. मी नाही उचलणार तुम्हाला."

पंढरीकाका हसले. "पोरी, मना काय व्हनार हाय? ही बाय माज्या हातची हाय."

शेजारी हरेश फुले सोडवत बसला होता. तो म्हणाला, "आजच्या दिवशी नाय म्हणू नये गं. मोठ्या माणसाचा मान असतो तो."

हे मात्र स्नेहलला लागले. समोर वडिलांच्या वयाचा माणूस, सणाचा दिवस, आणि नोकरी कायम करणारे साहेब, या तिघांना एकदम नाही म्हणायचे होते. तरी ती म्हणाली, "मी नाही उचलणार."

नंदकुमार साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते प्रेमाने म्हणाले, "बरं बाई, तुला टेन्शन येतंय ना, तू उतर. आण ती किल्ली, मी घेतो."

आणि तिने किल्ली दिली. काय करणार? साहेबांनी मागितली होती.

नंदकुमार साहेबांनी मला अंगणात दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवले होते, एवढेच. शिक्षण नाही, परवाना नाही. त्यांनी पाट माझ्या काट्यांवर घेतला, पण काटे फार जवळजवळ होते, त्यामुळे पाटाच्या दोन्ही कडा अधांतरी राहिल्या. त्या लाल फुलीच्या चित्रावर माझ्या गळ्यातला झेंडूचा हार लोंबत होता. पंढरीकाकांनी पाटाला नमस्कार केला, तोरण खांद्यावर घेतले आणि वर चढले. मी त्यांना उचलले. मित्रांनो, मला नको म्हणता येत नाही. हँडल ओढले की काटे वर जातात.

पहिली गाठ बसली. दुसरी गाठ बांधायची कडी थोडी पुढे होती. तेवढ्यात दारातून कोणीतरी ओरडले, "मोठे साहेब आले!" नंदकुमार साहेब माझ्यावरून टुणकन उतरले आणि हात जोडत दाराकडे धावले. वर माणूस आणि सीट रिकामी! सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. वरून पंढरीकाका म्हणत होते, "सायेब, वाईच म्होरं घ्या! म्होरं घ्या वाईच!" आरतीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. खाली सीटवर कोणी नाही हे त्यांना दिसलेही नसेल. मग त्यांनी स्वतःच हात लांब केला आणि पाटाच्या कडेवर पाय टाकला.

स्नेहलने ते पाहिले. "काका, हलू नका!" असे ओरडत ती माझ्याकडे धावली. पाट कलंडला. पंढरीकाका खाली आले, तोरणासकट. त्यांच्यामागोमाग स्नेहलचा पाय माझ्या पायरीवर पडला आणि तिने दांडा धरला. क्रम नीट ऐका, मित्रांनो. आधी पाट कलंडला, मग तिचा पाय माझ्यावर पडला. हे मला पक्के माहीत आहे, कारण दोन्ही गोष्टी माझ्या अंगावर घडल्या.

पण आदळल्याचा आवाज ऐकून लोकांनी माना वळवल्या, तेव्हा त्यांना काय दिसले? पंढरीकाका जमिनीवर, आणि स्नेहल माझ्यावर.

पंढरीकाकांच्या खुब्याचे हाड मोडले होते. त्यांना वाशीच्या इस्पितळात नेले, आणि त्यांची बायको मालती तिथे त्यांच्या उशाशी बसून राहिली. माझे काटे कितीतरी वेळ तसेच वर राहिले. शेवटी स्नेहलनेच रडत रडत ते खाली घेतले.

वरिष्ठ कार्यालयातून चौकशीला माणसे आली. चालक कोण, असे त्यांनी विचारले. स्नेहल, असे सगळे म्हणाले. तुम्ही तिला सीटवर पाहिले का? हो, पाहिले, पायरीवर होती. यात बहुतेकांचा खोटेपणा नव्हता. त्यांनी जे शेवटचे पाहिले ते सांगितले. कॅमेरा होता, पण त्याच्या डोळ्यापुढे मंडपाची झालर लावलेली होती. स्नेहलने जे घडले ते सगळे सांगितले. पण साहेबांनी किल्ली घेतली याला साक्षीदार दोघेच, हरेश आणि पंढरीकाका. संघप्रिया तर त्या दिवशी दसऱ्याच्या सोहळ्यासाठी नागपूरच्या वाटेवर होती. हरेश म्हणाला, मी फुलांत होतो, माझे लक्ष नव्हते. नंदकुमार साहेबांना कोणी थेट विचारलेच नाही. न विचारता सांगायची हिंमत त्यांना त्या दिवशी झाली नाही. ते रोज इस्पितळात जात होते, पंढरीकाकांचा सगळा खर्च स्वतः उचलत होते आणि माझ्याजवळून जाताना मान खाली घालत होते.

राहिले पंढरीकाका. चौकशीची माणसे इस्पितळात गेली तेव्हा त्यांनी काय सांगितले ते संघप्रियाने दुसऱ्या दिवशी डबा खाताना एका बाईला सांगितले, म्हणून मला कळले.

"म्हणे, मला काही आठवत नाही. सीटवर कोण होतं तेही नाही आठवत."

मी तेव्हा चार्जिंगला उभी होते. मला फार वाईट वाटले. पंढरीकाकांना सगळे आठवत होते. पण एकीकडे चूल पेटवणारे साहेब आणि दुसरीकडे काल आलेली पोरगी. त्यांनी तराजू धरला आणि तो साहेबांकडे झुकू दिला. स्नेहलला कामावरून काढले. 'निष्काळजीपणे यंत्र चालवले' असा शेरा मारून काढले. त्या शेऱ्यानंतर तिला दुसरीकडे कोण सीटवर बसवणार? ती उरणच्या एका गोदामात कंटेनरला सील लावायच्या कामाला लागली. माझ्या सीटवर हरेश आला. कुठूनतरी परवान्याचा कागद करून आणला होता.

तेव्हापासून माझे दिवस वाईट गेले. हरेश रोज काही तपासत नसे. हॉर्नचा आवाज बसला तरी त्याला पत्ता नाही. काटे वर ठेवूनच तो चहाला जायचा आणि त्यांच्याखालून लोक वाकून ये-जा करायचे. पिवळ्या रेघेवर पुन्हा थैल्या चढल्या. कोणी काही बोलले की तो म्हणायचा, "काय होत नाय. ते स्नेहलच्या हातून झालं. माझा हात पक्का आहे." इतक्या वेळा म्हणून म्हणून त्याला स्वतःलाही ते खरे वाटू लागले असावे. मित्रांनो, खोट्याचा हा दुसरा तोटा बघा. एक तर निरपराध मुलगी गेली. वर सगळ्यांना वाटू लागले की चूक मुलीत होती, पाटात नव्हती, रीतीत नव्हती, रिकाम्या सीटमध्ये नव्हती.

श्रावण आला. टपालाच्या धंद्यात राखीपौर्णिमेची धांदल दिवाळीपेक्षा मोठी. राख्यांच्या पाकिटांनी थैल्या भरभरून येत होत्या. वरिष्ठ कार्यालयाने एक लांब कापडी फलक पाठवला, 'प्रत्येक राखी वेळेवर', आणि तो डॉकवर लावून त्याचा फोटो पाठवा असे कळवले. हरेशने मला तुळईखाली आणले. माझ्या काट्यांवर पाट घेतला.

"कुंदन, चढ रे. दोन मिनिटांचं काम आहे."

कुंदन नवा मालचढवा होता, नुकतेच लग्न झालेला. तो चढला. मी त्याला उचलू लागले. पुन्हा माझ्या अंगावर माणसाचे ते हलते वजन. थैली कधी पाय बदलत नाही. माणूस बदलतो.

पंढरीकाका तेव्हा कामावर परतले होते. चौपायी वॉकर घेऊन डॉकच्या दाराशी खुर्चीत बसून असत. त्यांनी कुंदनला वर जाताना पाहिले, आणि ते उठले. वॉकर टेकत टेकत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. असे उभे राहिले की मला पुढे जाताच येईना.

"हरेश, खाली घे त्याला."

"काका, बाजूला व्हा. तुमचं ते स्नेहलच्या हातून झालं. माझा हात..."

"स्नेहलच्या हातून नाय झाला रं!" पंढरीकाका इतक्या जोरात ओरडले की टेबलांवरचे हात थांबले. "स्नेहल सीटवर नव्हती. कोनीच नव्हता. तुला ठाव हाय. तू तितंच व्हतास फुलांत."

आवाज ऐकून नंदकुमार साहेब जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आले होते. पंढरीकाकांनी त्यांना पाहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सायेब, तुमचा मीठ खाल्ला मी. म्हनून गप रायलो. पन ह्या पोराची बायको बी माज्या मालतीसारखी इस्पितलात बसंल. ता मना नाय बघवनार."

नंदकुमार साहेब उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आले. मग म्हणाले, "हरेश, कुंदनला खाली घे." कुंदन उतरल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "किल्ली मी घेतली होती. सीटवर मी होतो. आणि मीच उतरून गेलो." एवढे बोलून ते वर गेले आणि त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला तेच कळवले. त्यांना नोकरी सोडून जावे लागले. त्या दिवशी पुष्कळ माणसे रडली, आणि मलाही साहेबांचा राग आला नाही. चांगला माणूस चुकूच शकत नाही असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले होते, त्यात त्या एकट्या माणसाचा काय दोष?

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट. खरे बाहेर आले, शेरा पुसला, मुलगी परत आली. मलाही तसेच वाटले होते.

स्नेहलला बोलावणे गेले. ती आली, संघप्रियाने तिला मिठी मारली, तीही हसली. मग ती माझ्याजवळ आली. माझ्या सीटकडे तिने पाहिले, पण ती वर चढली नाही. पंढरीकाका वॉकर घेऊन समोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"पोरी, माफ कर. तवा मी खोटा बोललो."

"हात जोडू नका काका. तुम्ही बोललात, बरं वाटलं." तिने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "आई मला रोज विचारायची. रागानं नाही, हळूच. 'खरं सांग, तुझ्या हातून तर नाही ना झालं?' आधी मी चिडायचे. मग मलाच खात्री वाटेना. काका, मी धावत येऊन पायरीवर पाय ठेवला ना, त्या हिसक्यानं पाट हलला का? की आधीच कलंडला होता? एवढंच सांगा मला. रात्री झोप लागत नाही त्यानं."

पंढरीकाकांनी डोळे मिटले. आठवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यात पाणी होते.

"पोरी, ता मना खराच नाय आठवत. तू धावत येताना दिसलीस. मंग खाली आपटलो. मदला काय बी आठवत नाय गो."

स्नेहलने मान हलवली. या वेळी ते खरे बोलत आहेत हे तिला कळले. "बघते, आईशी बोलते," असे म्हणून ती गेली, आणि अजून आलेली नाही.

मी तिथेच उभी होते, मित्रांनो. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. तिला हवे असलेले उत्तर जगात फक्त माझ्यापाशी होते. आधी पाट कलंडला, पोरी, मग तुझा पाय लागला. तू निर्दोष आहेस. एवढे एक वाक्य! पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी माझ्यासारख्या यंत्रांजवळ काम कराल, कोणी साहेब व्हाल. माझी चाके तपासा, काटे टेकवून ठेवा, ओझ्यासाठी असलेल्या जागी माणूस चढवू नका, हे तर सांगतेच. पण त्याहून मोठी विनवणी आहे. एखाद्या दिवशी कोणीतरी भरल्या मांडवात, थोरामोठ्यांसमोर, एकट्याने म्हणेल, "मी नाही उचलणार." त्या वेळी फुले सोडवत बसू नका. उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, तेव्हाच, लगेच. मला ते करता आले नाही. मला जागचे हलायलाही आधी कोणीतरी सीटवर बसावे लागते. तुम्हाला तर पाय आहेत.